मशीन खंगाळतं तोवर

तिच्या घराचं दार उघडलं की समोरच्या भिंतीत एक खिळा दिसायचा. चांगला दोन इंची. वर्षभर त्याला काहीही लटकलं नव्हतं. सासूनं तो स्वतः ठोकला होता, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी स्टुलावर चढून. ठोकताना भिंतीचा तळहाताएवढा पोपडा खाली आला, तरी म्हातारी मागे हटली नाही. म्हणाली, "पदक आलं की इथं. दारातून आत येणाऱ्याला आधी ते दिसलं पाहिजे, मग आपली तोंडं."

पदक येणार नव्हतं. हे दोघींनाच ठाऊक होतं. एक ती, आणि एक मी.

आम्ही दोघी एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत बावीस वर्षं एकत्र काम केलंय. ती मळक्या बाजूला, मी इस्त्रीच्या रोलरवर. माझी शाळा सातवीला सुटली. पण कंत्राटाचा कागद असो की ड्युटीचा तक्ता, मी वाचल्याशिवाय सोडत नाही आणि वाचल्यावर भांडल्याशिवाय राहत नाही, म्हणून मला सगळ्या वकीलबाई म्हणतात. तिला सगळे म्हणायचे सावकाश. रक्तानं माखलेल्या चादरींचा ढीग समोर पडलाय, सुपरवायझर डोक्यावर उभा राहून बोंबलतोय, आणि ही शांतपणे म्हणणार, "सावकाश. होतंय." तिचा नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. मुलगी लग्न होऊन गेलेली. घरात ही आणि सासू. दोघींचं भांडण व्हायचं ते फक्त रेडिओच्या आवाजावरून.

ही बाई पळायला लागली ती हौसेनं नाही. हजेरीचं यंत्र बसलं तेव्हा. सहा वाजून एक मिनिट झालं की अर्धा दिवस गेला. पहाटेची बस कधी यायची, कधी यायची नाही. एके दिवशी तिनं बसची वाट बघणं सोडलं आणि पाच किलोमीटर पळत आली. साडी खोचून, डबा काखेत. पाच अठ्ठावन्नला अंगठा लावला. दुसऱ्या दिवशीही तेच. महिनाभरानं बूट घेतले. तीन वर्षांनी हॉस्पिटलच्या फळ्यावर मॅरेथॉनचा कागद लागला आणि मला विचारायला आली, "वकीलबाई, ह्यात वयाची अट आहे का गं?"

"वयाची नाही. वेळेची आहे."

बेचाळीस किलोमीटर, सहा तास. मध्ये दोन फाटकं. एकविसाव्या किलोमीटरचं तीन तासांनी बंद होतं, चौतिसाव्याचं चार तास पन्नास मिनिटांनी. फाटक बंद झाल्यावर जो येईल त्याला मागून येणाऱ्या बसमध्ये बसायचं. त्या बसला पळणारे लोक झाडूगाडी म्हणतात. उरलंसुरलं झाडून नेते म्हणून.

गेल्या वर्षी ती चौतिसाव्याला पोचली तेव्हा फाटक बंद होऊन सहा मिनिटं झाली होती. पिवळा बनियन घातलेली एक पोरगी कात्री घेऊन उभी होती. तिनं "सॉरी हं मावशी" म्हणत हिच्या छातीवरचा नंबर चार टाचण्यांसकट कापून घेतला. मी त्या दिवशी शर्यत संपते त्या शेवटच्या चौकात आमच्या पगाराच्या अर्जावर सह्या गोळा करत होते. झाडूगाडी आली, दार उघडलं, आणि सगळ्यात शेवटी ही उतरली. छातीवर बनियनला चार भोकं.

"कुणाला सांगू नकोस," एवढंच म्हणाली.

घरी दारात सासू उभी, मागे अर्धी गल्ली. सासूनं विचारलं, "झालं?" ती मला नंतर म्हणाली, मी खरं सांगायलाच तोंड उघडलं होतं गं. पण म्हातारीच्या हातात पाण्याचा तांब्या होता आणि तो थरथरत होता. तोंडातून निघालं, "झालं."

"पदक कुठाय?"

"पोस्टानं येणार आहे."

झालं कल्याण. म्हातारीनं खिळा ठोकला आणि पोस्टमनच्या मागे लागली. तो बिचारा सायकल घेऊन गल्लीत शिरला की ही दारात. "आणलंस?" "आजी, काही नाही." "टाकलं असशील कुठंतरी. तोंड बघा, ह्याला घरचं पत्रसुद्धा पोचायचं नाही." वर्षभर त्यानं शिव्या खाल्ल्या. शेवटी शेवटी तो गल्लीच्या तोंडाशीच सायकलवरून उतरून मान हलवायचा.

आता ह्यातली खरी मेख सांगते. त्या मॅरेथॉनच्या नियमाच्या कागदात, चौथ्या पानावर, बारीक अक्षरात एक ओळ होती. लागोपाठ दोन वर्षं ज्याला झाडूगाडीनं उचललं, त्याचं नाव पुन्हा घेणार नाहीत. ती ओळ मीच तिला वाचून दाखवली. तिनं पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, "म्हणजे यंदा नाही जमलं तर तो खिळा तसाच."

लाँड्रीत मळक्या बाजूला घड्याळ नाही. दोनदा लावलं, वाफेनं दोन्ही वेळा बंद पडलं. मनगटावर बांधायला बंदी, मोबाइल आत न्यायला बंदी. संसर्गाचं काम आहे, ते ठीकच. मग जेवणाची सुट्टी मोजायची कशी? तर मशीननं. आपण लोड भरायचा, बटण दाबायचं, फेरा सुरू झाला की सुट्टी सुरू. फेरा संपला की मशीन शिटी देतं, तेव्हा माणूस दारापाशी हवं. हा आमचा पिढीजात कायदा. फेरा पंचेचाळीस मिनिटांचा, हे मशीनवरच्या पाटीवर लिहिलेलं.

सावकाशबाई जेवत नसत. बटण दाबलं की मागच्या फाटकातून बाहेर. पाण्याच्या उंच टाकीपर्यंत जाऊन परत, सहा किलोमीटर. उन्हाळ्यात ती परत यायची आणि शिटी व्हायची, अगदी बरोब्बर. डबा मग कपडे ओढता ओढता उभ्यानं खायचा. सुट्टीच्या दिवशी ती लांब पळायची, पण तिथं वेळ बघायची नाही. लांबचं पळणं पायांची ताकद बघायला, वेग मशीनवर बघायचा, असं तिचं शास्त्र.

थंडी पडली आणि चमत्कार झाला. ती परत यायची तेव्हा मशीनचं पिळणं नुकतं सुरू होत असायचं. पिळणं चार मिनिटांचं. म्हणजे चार मिनिटं वाचली! ती खूश. मी खूश. आम्ही हिशोब केला की हा वेग राहिला तर चौतिसाव्याला वीस मिनिटं हातात राहतील. तिनं जरा दमानंच घ्यायला सुरुवात केली. कशाला उगाच गुडघे झिजवा?

शर्यतीला पाच आठवडे उरलेले. बॉयलरवाला मशीनच्या दाराचं रबर बदलायला आला होता. तिशीतला पोरगा, कमी बोलतो, सगळं वहीत लिहितो.

"दादा, आता मी एक्केचाळीस मिनिटांत येते," ती त्याला सांगत होती.

त्याचं डोकं मशीनच्या पोटात. आतूनच म्हणाला, "कुठल्या घड्याळानं, ताई?"

"ह्याच्याच. पंचेचाळीसचा फेरा. मी येते तेव्हा पिळणं सुरू व्हायचं असतं."

डोकं बाहेर आलं. "पंचेचाळीस उन्हाळ्यात. आता नळाला बर्फाचं पाणी येतंय. ते साठ डिग्रीला जात नाही तोवर मशीन पुढं सरकतच नाही. सध्या त्रेपन्न मिनिटं लागतात. रोज लिहितोय मी."

ती बोटांवर मोजत होती. मी तिची बोटं बघत होते. त्रेपन्नातून चार गेले.

"एकोणपन्नास," ती म्हणाली.

"मग ताई, तुम्ही चार मिनिटं पुढं नाही गेलात," तो रबर पुसत म्हणाला, "चार मिनिटं मागं गेलात."

असा मनुष्य थोबाडीत मारत नाही, पण गाल तेवढाच लाल होतो. एकोणपन्नास मिनिटं म्हणजे किलोमीटरला आठ मिनिटांच्या वर, तेही ताज्या पायांनी, सहाच किलोमीटरसाठी. सहा तासांत बेचाळीस म्हणजे किलोमीटरला साडेआठ. शिवाय गेल्या वर्षी गाडीत बसलेल्यांना सगळ्यात मागच्या रांगेत उभं करतात. वेळ मात्र बंदूक वाजल्यापासून मोजतात. रेषेपर्यंत पोचायलाच नऊ मिनिटं जातात. मी पाटीवर खडूनं मांडून बघितलं. चौतिसाव्या फाटकाला ती गेल्या वर्षीसारखीच पोचत होती. पाच-सात मिनिटं उशिरा, कात्रीच्या समोर.

ह्या सगळ्यात माझ्या तोंडानं घाण केली.

त्याच दुपारी सुपरवायझर आला आणि नेहमीची टेप लावली. "उन्हाळ्यात नऊ लोड काढता, आता सात! थंडी पडली की बायकांना झोप येते." दर हिवाळ्यात आम्ही हे ऐकून घ्यायचो आणि मनातल्या मनात खरं मानायचो. आज माझ्या हातात बॉयलरवाल्याची वही होती. मी रोलर बंद केला. म्हटलं, "झोप बायकांना येत नाही साहेब, तुमच्या पाण्याला येते. हे बघा, वाचता येतं ना?" आणि तारखांसकट मोठ्यानं वाचलं. बायका हसल्या. एक तर टाळ्या वाजवायला लागली. तो कानापर्यंत लाल झाला आणि गेला. मी छाती फुगवून उभी.

दुसऱ्या दिवशी ड्युटीचा तक्ता लागला. सावकाश, मशीनवरून घडीच्या टेबलावर. स्वच्छ बाजू. सुट्टी घड्याळानं, बारा ते साडेबारा. एक मिनिट जास्त नाही. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की वहीची गोष्ट हिच्यामुळे निघाली.

अर्ध्या तासात टाकीपर्यंत जाऊन येणं देवालाही जमलं नसतं.

"वकीलबाई," ती चादरीची घडी घालता घालता म्हणाली, माझ्याकडे न बघता, "तुझं तोंड एक दिवस माझा जीव घेणार आहे."

"मी आत्ता जाऊन त्याला सरळ करते."

"नको! आणखी बोललीस तर मला छतावरच्या टाक्या घासायला लावेल. गप बस. आयुष्यात एकदा गप बस."

मी गप बसले. ज्यांनी मला पाहिलंय त्यांना ह्याची किंमत कळेल.

वाट काढली बॉयलरवाल्यानं. तो तिला म्हणाला, "ताई, लांब पळायला तुम्हाला येतं. तुम्हाला जोरात पळायला येत नाही. जोरात पळायला अर्धा तास पुष्कळ. मशीन कसं धुतं? गरम पाण्याचं धुणं एकदा, त्याचा काही भरवसा नाही. पण खंगाळणं गार पाण्याचं. उन्हाळा असो, हिवाळा असो, तीन मिनिटं म्हणजे तीन. मग पाणी सुटतं, नवं भरतं, दीड मिनिट. असं चारदा. खंगाळतंय तोवर जीव खाऊन पळायचं. पाणी सुटलं की चालायचं."

"पण मला इथून मशीन ऐकू येत नाही."

ते काम आमच्या बायकांनी अंगावर घेतलं. मशीनवरच्या तिच्या जोडीदारणीनं लोड अशा वेळी भरायला सुरुवात केली की पहिलं खंगाळणं बरोबर बारा वाजून पाच मिनिटांनी पडावं. रोज पाणी किती गार आहे ते बॉयलरवाला सकाळीच सांगायचा, त्यावरून उलटं मोजायचं आणि स्वच्छ बाजूचं घड्याळ बघून मी बटण दाबायची हाक द्यायची. मागची खिडकी उघडी ठेवायची. खंगाळणं सुरू झालं की ट्रॉलीच्या पत्र्यावर लोखंडी आकडा एकदा ठण्णकन. पाणी सुटलं की दोनदा.

मागच्या अंगणात ट्रॉल्या चढवायचा उतार आहे. त्याच्या पायथ्यापासून कुंपणाची भिंत सुरू होते, तिला ठरावीक अंतरावर खांब. पहिल्या दिवशी ठण्ण झालं आणि ती सुटली. उतार चढून, भिंतीच्या कडेनं. तीन मिनिटांत एकोणीस खांब. दुसऱ्या खेपेला सतरा. तिसऱ्या खेपेला दोनदा ठण्ण झालं तेव्हा ती भिंतीला धरून ओकत होती. मी पाणी घेऊन धावले.

"बस झालं आज."

"अजून एक आहे," ती तोंड पुसत म्हणाली. "मशीन चारदा खंगाळतं."

चौथ्या खेपेला चौदा खांब झाले. साडेबाराला ती टेबलावर होती आणि चादरींच्या कडा तिला जुळता जुळत नव्हत्या.

दुसऱ्या आठवड्यात चारही खेपांना वीस. तिसऱ्या आठवड्यात बावीस. सुपरवायझर वरच्या खिडकीतून बघायचा. सुट्टीत बाई अंगणात पळते, ह्याला नियम नाही. त्यानं तिची सुट्टी पाऊण तास पुढं ढकलली. बायकांनी लोड पाऊण तास पुढं ढकलला. त्यानं पुन्हा बदलली, बायकांनी पुन्हा बदलला. शेवटी त्यानंच नाद सोडला. एका दुपारी मात्र मी बघितलं, तो खिडकीत उभा राहून ओठ हलवत होता. खांब मोजत होता मेला.

शर्यतीला दहा दिवस राहिले तेव्हा मी तिला जिना उतरताना पाहिलं. ती उलटी उतरत होती, कठड्याला धरून.

"काय झालं?"

"काही नाही."

मी खाली बसून तिची डावी पोटरी दाबली. तिनं माझ्या खांद्याला असं धरलं की वळ उठला. आत गाठ होती, लिंबाएवढी.

"डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहेत. शंभर डॉक्टर."

"डॉक्टर 'पळू नको' म्हणेल. मग मी ऐकायचं का नाही? त्यापेक्षा विचारायचंच नाही." ती पायरीवर बसली. मग म्हणाली, "तुला आणखी एक सांगते. आई यंदा शेवटाला येऊन बसणार आहेत. खुर्ची घेऊन. गल्लीतल्या आठ जणी बरोबर. म्हणाल्या, गेल्या वर्षी मला नेलं नाहीस, यंदा मी डोळ्यांनी बघणार."

झाडूगाडी शेवटच्या चौकातच रिकामी होते. म्हणजे यंदा गाडीतून उतरली, तर सासूच्या खुर्चीसमोर.

दहा दिवस तिनं पोटरीला गरम चादरीच्या पट्ट्या बांधल्या. घडीच्या टेबलाचा तेवढा एक फायदा.

शर्यतीच्या सकाळी मी चौतिसाव्या फाटकावर जाऊन उभी राहिले. बॉयलरवाला मोटरसायकल घेऊन माझ्याबरोबर. त्यानं स्वतःचं घड्याळ, पट्टा तुटलेलं, दोऱ्यानं तिच्या मनगटाला बांधून दिलं होतं. फाटक म्हणजे दोन लोखंडी कठडे आणि वर लाल आकड्यांचं घड्याळ. आणि कठड्याला टेकून तीच पिवळ्या बनियनची पोरगी. बोटात तीच कात्री. मला वाटलं, कात्री हिसकावून गटारात फेकावी. पण गप बसायचं शिकले होते मी, पाच आठवडे.

चार तास पस्तीस मिनिटं. माणसं येत होती, चालत, लंगडत, एकमेकांना धरून. ती नाही.

चार चाळीस. रस्त्याच्या टोकाला वळण, वळणावर औषधाचं दुकान. माझी नजर त्या दुकानाच्या पाटीवरून हलेना.

चार चव्वेचाळीस. बॉयलरवाला म्हणाला, "येतील."

"तू गप रे."

चार शेहेचाळीस. वळणावर झाडूगाडी दिसली. पांढरी, वर पिवळा दिवा, पायी चालणाऱ्याच्या वेगानं सरकत. तिच्या पुढं सहा-सात जण. त्यात एक बाई, डावा पाय जरा बाहेर फेकत येणारी. मी ओरडायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. माझा! आवाज!

दोनशे पावलं असतील. पोरगी कठड्याकडे वळली आणि त्याला हात घातला. चार सत्तेचाळीस, पन्नास सेकंद. तेवढ्यात बॉयलरवाल्याला काय सुचलं कोण जाणे. मोटरसायकलच्या खोक्यातून त्यानं पाना काढला आणि शेजारच्या लोखंडी खांबावर हाणला. ठण्ण.

तिची मान वर झाली. आणि ती पळाली. आधीही पळतच होती म्हणा, पण ते पळणं वेगळं. हे भिंतीच्या कडेचं, जीव खाऊन पळणं. दोन माणसं मागं टाकून ती फाटकातून गेली तेव्हा लाल आकडे होते चार अठ्ठेचाळीस बेचाळीस. तिनं ना माझ्याकडे बघितलं, ना कात्रीकडे. तिच्या मागचे तिघे मात्र चार पन्नास उलटल्यावर कठड्यापाशी पोचले आणि पोरगी म्हणाली, "सॉरी हं काका."

उरले आठ किलोमीटर आणि एकाहत्तर मिनिटं. आकड्यांत सोपं. पण ती मला नंतर म्हणाली, सदतिसाव्याला पोटरी दगड झाली. पाय टेकला की डोळ्यांपुढं पांढरं. ती थांबली, रस्त्यातल्या दुभाजकाला धरून. मागं झाडूगाडी येऊन उभी राहिली. दार उघडं. आतून कुणीतरी म्हणालं, "मावशी, बसा आता. काही कमीपणा नाही." पंख्याची हवा बाहेर येत होती म्हणे. गार. आत माणसं पाणी पीत बसलेली.

सहा मिनिटं ती चालली, गाडी मागं सरपटत. मग तिनं पाय मशीनच्या हवाली केले. एवढंच तिचं वाक्य. घड्याळात बघायचं, तीन मिनिटं पळायचं, दीड मिनिट चालायचं. पाणी सुटलं. पाणी भरलं. खंगाळ. गाडीवाला वैतागला असेल, कारण ही पळायला लागली की गाडी मागं पडायची, चालायला लागली की पुन्हा पाठीशी.

आम्ही मोटरसायकलनं आडरस्त्यानं शेवटच्या चौकात पोचलो. सासू पहिल्या रांगेत, प्लॅस्टिकच्या खुर्चीत, हातात पाण्याचा तांब्या. गल्लीतल्या बायका मागं. "अगं वकीलबाई, आमची कुठवर आली?"

"येतेय."

"गेल्या वर्षी किती वाजता आली होती?"

मी शेंगदाणेवाल्याकडे बघायला लागले.

पाच तास त्रेपन्न. पाच पंचावन्न. रेषेपाशी माणसं कमानीचे दोर सोडायला लागली होती. मी एकाला म्हटलं, "हात लाव त्या दोराला सहाच्या आत, मग बघ." तो थांबला. पाच छप्पन्नला रस्त्याच्या टोकाला पिवळा दिवा दिसला. झाडूगाडी. पुढं कुणीच दिसेना. गाडीचं दार उघडं होतं आणि पायरीवर कुणीतरी बाई उभी होती.

"ती बघा गाडी!" गल्लीतली एक म्हणाली. "ती कशाची गाडी हो?"

गाडी जरा बाजूला झाली. पायरीवरची बाई पिवळ्या बनियनमधली होती. आणि गाडीच्या डावीकडून, फुटपाथच्या कडेकडेनं, सावलीतून, आमची सावकाश.

ती चालत होती. चालत! पाच सत्तावन्न. तीनशे पावलं. मी किंचाळले, "पळ गं!" सासू खुर्चीतून उठून उभी राहिली, तांब्या सांडला. ती मनगटाकडे बघत चालतच होती. मला कळलं, तिचं पाणी सुटायचं दीड मिनिट चाललं होतं. एवढ्यातही! मग तिनं मान वर केली आणि सुटली.

पाच एकोणसाठ, अकरा सेकंद. रेषा ओलांडली आणि ती तशीच पुढं आठ-दहा पावलं जाऊन माझ्या अंगावर पडली. तिच्या छातीवर नंबर होता, चारही टाचण्यांसकट.

घरी आम्ही चौघं. म्हातारी, बॉयलरवाला, मी, आणि ती, पाय बादलीत सोडून. पदक सासूनं पदरानं पुसलं, स्टुलावर चढायला लागली, बॉयलरवाल्यानं धरलं. खिळ्याला पदक लागलं. म्हातारी खाली उतरली, दोन पावलं मागं जाऊन बघितलं, मान वाकडी करून.

"हे यंदाचं," ती म्हणाली. "गेल्या वर्षीचं कधी येणार मग? शेजारीच दुसरा खिळा ठोकून घेते."

बॉयलरवाला चहाच्या कपात बघायला लागला. मी तोंड उघडलं, तिनं डोळ्यांनीच मला बंद केलं.

"आई, गेल्या वर्षीचं येणार नाही," ती बादलीत बघत म्हणाली. "गेल्या वर्षी मी गाडीतून आले. चौतीस किलोमीटरला गाडीनं उचललं मला."

बाहेर गल्लीत बायका अजून मोठमोठ्यानं बोलत होत्या, आमचीनं पळून दाखवलं म्हणून.

"चौतीस पळाली होतीस?"

"हो."

"आणि पुरं किती असतं?"

"बेचाळीस."

म्हातारीनं ओठ हलवले, बोटं मोजली. "म्हणजे गल्लीत मी वर्षभर खोटं बोलले ते आठ किलोमीटरचं."

"आठ आणि वर थोडं."

"ते थोडं राहू दे." ती स्टुलावर बसली. मग एकदम कपाळावर हात मारला. "अगं, पण त्या पोस्टमनला मी किती शिव्या घातल्या! त्याला चहाला बोलाव."

"बोलावते की आई, सावकाश."

"सावकाश नाही," सासू म्हणाली. "उद्याच."